मोटारीची स्प्रिंग

दरवर्षी १४ जानेवारीच्या सुमारास महाराष्ट्रातून काही मंडळी उत्तरेतील थंडी आणि धुके सोसून मुद्दाम पानिपतास जातात. शहराबाहेर काही किलोमीटरवर काला अंब नावाचे ठिकाण आहे. १७६१ साली याच तारखेस सदाशिवरावभाऊ आणि अहमदशहा अब्दाली यांच्या सैन्यांत जो संग्राम झाला, त्याचे स्मारक येथे आहे. त्या काळी तेथे आंब्याचे एक झाड होते आणि रणभूमीवरील रक्ताने ते काळवंडले, अशी तिकडील लोककथा आहे. झाड आता नाही. त्याच्या जागी विटांचा स्तंभ उभा आहे आणि भोवती बाग केलेली आहे.

आज मी आपणांशी बोलणार आहे ते मात्र त्या लढाईविषयी नव्हे. मोटारीच्या चाकाशेजारी बसविलेल्या पोलादी स्प्रिंगविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत. या दोहोंचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. तो माझ्या बाबतीत एका प्रवासाने जुळून आला.

माझ्या मावसभावाचा मुलगा नोकरीनिमित्त दिल्लीकडे असतो. काला अंब पाहण्याची माझी इच्छा जुनी होती. तो म्हणाला, "काका, तुम्ही दिल्लीपर्यंत या, पुढे मी माझ्या मोटारीतून नेतो." दिल्ली ते पानिपत अंतर सुमारे नव्वद किलोमीटरचे आणि रस्ता राजमार्गाचा. मोटार जुनी, छोटी, हौसेने रंगविलेली होती; पण जमिनीला इतकी लगटून उभी होती, की आत बसताना मला पाटावर बसल्यासारखे वाटले. चौकशी करता कळले, की मुलाने ती एका गॅरेजात अगदी थोडक्या पैशांत 'खाली उतरवून' घेतली होती. नव्या स्प्रिंगांना बराच खर्च आला असता. मिस्त्रीने जुन्याच स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला, आणि काम दोन तासांत झाले.

आम्ही पाच माणसे निघालो. राजमार्गावर विशेष काही जाणवले नाही. पानिपत सोडून आडवाटेला लागलो आणि प्रत्येक गतिरोधकापाशी दोघांनी खाली उतरून चालावयाचे, असा क्रम सुरू झाला. एका खड्ड्यात असा दणका बसला, की पाठीचा मणका डोक्यात गेल्यासारखे झाले. पुढे रबर जळल्याचा वास येऊ लागला. पाहतो तो, मागचा टायर वरच्या पत्र्याला घासून त्याच्या कडेची एक पट्टी सोलून निघाली होती. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने जॅक लावून मोटार उचलली. चाक खाली लोंबले, आणि आतली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटून चक्क हाताने फिरविता येईल अशी सैल झाली. मिस्त्री मुलाकडे पाहून हिंदीत एवढेच म्हणाला, "भरधाव जाताना चाक क्षणभर असेच लोंबले असते, तर स्प्रिंग बाहेर पडली असती." मुलाचा चेहरा उतरला. त्याने विचारले, "काका, एक वेढा कापल्याने एवढे होते?"

त्या प्रश्नाचे उत्तर आज मी आपल्यापुढे थोडे सविस्तर मांडणार आहे.

मोटार खाली उतरविण्याची हौस आपल्याकडेच निर्माण झालेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मूळ मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही चाल रूढ केली. जुनी मोटार स्वस्तात घ्यावयाची, मागच्या पेटीत वाळूची पोती टाकावयाची किंवा स्प्रिंगांचे वेढे कापावयाचे, आणि रस्त्यावरून संथपणे मिरवावयाचे. १९५८ सालापासून त्या राज्याच्या कायद्याने, चाकाच्या लोखंडी कड्याहून खाली मोटारीचा कोणताही भाग आणण्यास बंदी केली. तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगीरे नावाच्या तरुणाने आपल्या मोटारीला द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसविली. पोलीस दिसताच मोटार वर उचलावयाची आणि तो गेला की पुन्हा खाली आणावयाची, अशी ही युक्ती होती. ती बंदी अखेर २०२४ च्या आरंभी उठली. गरीब वस्तीतील तरुणांना आपल्या वाहनाचा जो अभिमान वाटे, त्याचा तो एक आविष्कार होता, हे आपण समजून घेतले पाहिजे. हौसेला हसणे सोपे असते. तिच्यातील धोका समजावून सांगणे अधिक उपयोगाचे.

आपल्याकडे परंपरा उलट होती. ट्रक, जीप यांसारख्या वाहनांना आडवे पाटे असतात, हे आपण पाहिले असेल. पोलादाच्या लांब, किंचित वाकविलेल्या पट्ट्या एकीवर एक रचून त्यांचा जुडगा केलेला असतो. पानिपतापासून फार दूर नसलेल्या यमुनानगरास असे पाटे बनविण्याचा मोठा कारखाना आहे. आपला मालवाहू गाडीवाला मिस्त्रीकडे जाई तो एखादा पाटा वाढवून गाडी उंच आणि ताठ करून घेण्यासाठी. गाडी खाली आणण्यासाठी मिस्त्रीकडे जाणारी पिढी अलीकडची आहे.

आता स्प्रिंगच्या स्वभावाकडे वळू. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली एक नियम अक्षरांचे कोडे करून छापला आणि १६७८ मध्ये त्याचा उलगडा केला. नियम असा, की स्प्रिंगवर जितका भार टाकावा तितक्या प्रमाणात ती दबते किंवा ताणली जाते. भार दुप्पट, तर दाबही दुप्पट. एक सेंटिमीटर दाबण्यास किती किलो भार लागतो, या आकड्यास आपण स्प्रिंगचा ताठरपणा म्हणू.

हा ताठरपणा कशावर अवलंबून असतो? मुख्यतः तीन गोष्टींवर. पहिली, तारेची जाडी. तिचा परिणाम चौथ्या घाताने होतो. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी तेराची घेतली, तर स्प्रिंग सुमारे अडतीस टक्क्यांनी ताठ होते. दुसरी, वेढ्याची रुंदी. वेढा जितका रुंद तितकी स्प्रिंग मऊ. तिसरी, वेढ्यांची संख्या. स्प्रिंग म्हणजे वस्तुतः पीळ सोसणारी एक लांब तार असून जागा वाचविण्यासाठी ती गुंडाळलेली असते. तार लांब, तर तिला पीळ देणे सोपे; आखूड, तर अवघड. म्हणून वेढे कमी केले की स्प्रिंग ताठ होते. गॅरेजातील मिस्त्री जेव्हा वेढा कापतो, तेव्हा तो मोटार खाली आणतोच. पण त्याच वेळी, नकळत, निराळीच स्प्रिंग तयार करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका स्प्रिंगला सहा कामाचे वेढे आहेत आणि भार नसताना तिची उंची ३६ सेंटिमीटर आहे. तिचा ताठरपणा दर सेंटिमीटरला २० किलो आहे आणि रिकाम्या मोटारीचा तिच्यावर ३०० किलो भार पडतो. मग ती १५ सेंटिमीटर दबेल आणि २१ सेंटिमीटरवर स्थिर राहील. आता एक वेढा कापा. मोकळी उंची ३० सेंटिमीटर होईल. ताठरपणा सहास पाच या प्रमाणात वाढून २४ किलो होईल. तोच ३०० किलोंचा भार तिला साडेबारा सेंटिमीटर दाबील आणि ती साडेसतरा सेंटिमीटरवर थांबेल. म्हणजे सहा सेंटिमीटरांचा वेढा कापूनही मोटार उतरली साडेतीन सेंटिमीटर. दबलेल्या अवस्थेत त्या वेढ्याने जेवढी जागा व्यापली होती, नेमकी तेवढीच. हे न समजल्यामुळे पुष्कळ मिस्त्री एक वेढा कापून पाहतात, 'अजून उतरली नाही' म्हणतात आणि आणखी कापतात. कापलेला वेढा पुन्हा जोडता येत नाही.

आता खरी गोम पाहा. चाक खड्ड्यातून किंवा उंचवट्यावरून जाते, तेव्हा ते वर उचलले जाते. त्याला वर येण्यास काही अंतर मोकळे ठेवलेले असते आणि त्याच्या शेवटी रबराचा एक ठोकळा असतो. आपल्या उदाहरणात हे अंतर, मोटार रिकामी असताना, ८ सेंटिमीटर होते असे धरू. वेढा कापल्यावर ते साडेचार राहिले. त्यात माणसे बसली आणि प्रत्येक स्प्रिंगवर ७५ किलो भार वाढला. मूळ स्प्रिंग त्यामुळे पावणेचार सेंटिमीटर खाली गेली असती आणि सव्वाचार शिल्लक राहिले असते. कापलेली स्प्रिंग ताठ असल्याने तीन सेंटिमीटरांहून थोडीच अधिक जाते; पण शिल्लक राहतात दीड सेंटिमीटरांहूनही कमी. आणि धक्का पचविण्याची शक्ती ही शिल्लक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हिशेब केला, तर भरलेल्या मोटारीत कापलेली स्प्रिंग मूळ स्प्रिंगच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा धक्का पचवू शकते. उरलेले सात हिस्से रबरी ठोकळ्यावर, पत्र्यावर, टायरवर आणि बसणाऱ्यांच्या मणक्यावर जातात. 'ताठ स्प्रिंग म्हणजे मजबूत स्प्रिंग' ही समजूत येथे साफ चुकते.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे. चाक जसे वर येते तसेच ते खालीही लोंबते. जॅकवर मोटार उचलली असता, किंवा गतिरोधकावरून वेगाने उडाली असता, स्प्रिंगची जागा वाढते. समजा, ती जागा ३३ सेंटिमीटरपर्यंत वाढते. मूळ स्प्रिंग ३६ ची असल्याने तेव्हाही ती तीन सेंटिमीटर दबलेली, म्हणून आपल्या बैठकीत घट्ट बसलेली असते. कापलेली स्प्रिंग मुळात ३० सेंटिमीटरची. ३३ सेंटिमीटरच्या जागेत ती खुळखुळणारच. काही रचनांत ती शॉक अॅब्सॉर्बरच्या दांड्याभोवती अडकलेली असते. तेथे ती निदान पडत तरी नाही. पण लहान मोटारींच्या मागच्या बाजूस ती पुष्कळदा सुटी, केवळ दाबाच्या आधारावर उभी असते. पानिपतच्या त्या मिस्त्रीच्या जॅकने आम्हांस हेच दाखविले.

स्प्रिंगच्या टोकाचाही विचार करावा लागतो. काही स्प्रिंगांचे टोक शेवटच्या वेढ्यात आत वळवून सपाट केलेले असते, म्हणजे ते बैठकीवर नीट टेकावे. ते कापले की तारेचे तिरपे टोक बैठकीवर एकाच बिंदूला रुतते आणि भार वाकडा पडतो. कापणेही निरनिराळ्या तऱ्हेने होते. फिरत्या चकतीने, मधूनमधून थंड करीत, कापल्यास पोलाद बिघडत नाही. येथे सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे: केवळ वेढा कमी झाल्याने, तोच भार असता, तारेवरील ताण वाढत नाही. म्हणून 'कापलेली स्प्रिंग हटकून तुटते' हेही खरे नव्हे.

परंतु याहून स्वस्त अशी एक रीत आहे, आणि ती सर्वांत वाईट. स्प्रिंग जागेवरच ठेवून एक-दोन वेढ्यांवर गॅसची ज्योत धरतात. पोलाद लाल होते, मऊ पडते, आणि मोटार आपल्याच वजनाने खाली बसते. दहा मिनिटांत काम होते. आपले लोहार म्हणतात, की विळ्याला पाणी चढविलेले असते. स्प्रिंगच्या पोलादालाही तसेच पाणी दिलेले असते. ते सुमारे साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवितात आणि मग पुन्हा चार-पाचशे अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. कणखरपणा आणि लवचिकपणा यांचा मेळ या दुसऱ्या तापविण्यात साधला जातो. गॅसच्या ज्योतीने हे पाणी उतरते. तापलेला भाग कायमचा मऊ होतो आणि दर खड्ड्याला थोडा थोडा बसत जातो. शेजारचा भाग घाईने थंड झाला तर ठिसूळ होतो. चारही चाकांना सारखी आच लागणे शक्यच नसते. मोटार एका अंगाला कलते आणि ब्रेक दाबल्यावर नीट सरळ थांबत नाही.

मग शर्यतीच्या मोटारी खाली का असतात, असा प्रश्न तरुण श्रोते विचारतील. तो योग्य आहे. मोटारीचा गुरुत्वमध्य खाली आला, म्हणजे वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो. आपल्या उदाहरणात गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवर असता तो साडेतीन सेंटिमीटर खाली आला, तर हा लाभ सहा टक्क्यांच्या आसपास भरतो. परंतु शर्यतीची मोटार गुळगुळीत धावपट्टीवर, एका माणसास घेऊन धावते. आणि तिची स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर, चाकांचे दांडे ही सर्व यंत्रणा त्या उंचीसाठीच आखलेली असते. घरगुती मोटारीत केवळ स्प्रिंग आखूड केली, तर खालचे दांडे तिरपे होतात, चाकांची वरची कड आत झुकते आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. जेथे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या दांड्यावर असतात, तेथे मोटारीचा कलण्याचा केंद्रबिंदू गुरुत्वमध्याहूनही अधिक खाली जातो, आणि वळणावर ती कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. दिसावयास शर्यतीची, वागावयास अडखळणारी, अशी तिची अवस्था होते.

गतिरोधकांचे गणितही जाता जाता पाहू. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. हा उतार इतका सावकाश आहे, की दोन चाकांत २.४ मीटर अंतर असलेल्या मोटारीच्या पोटाखाली तो चाकांच्या पातळीहून केवळ चार-सव्वाचार सेंटिमीटर वर येतो. खाली उतरविलेली मोटारही त्यावरून सुखरूप जाईल. पण आपल्या गावोगावचे गतिरोधक तसे नसतात. एखाद्या अरुंद, उभट उंचवट्याची सगळी उंची मोटारीच्या पोटाला सामोरी येते. रस्ता जसा आहे तसा धरूनच मोटार बनविणाऱ्याने तिची उंची ठरविलेली असते.

आणि कायदा? मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या बावन्नाव्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. मोटारींचे नमुने बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत तपासले जातात. वेढा कापल्याबरोबर आपली मोटार त्या तपासलेल्या नमुन्याहून निराळी होते, हे ध्यानात ठेवावे.

तरीही कोणास जुनी मोटार सुधारून घ्यावयाचीच असेल, तर खर्च कोठे करावा हे मी सांगू शकेन. प्रथम परिवहन कार्यालयात जाऊन काय चालते याची चौकशी करावी. जुनी मोटार अनेकदा स्प्रिंगमुळे नव्हे, तर दमलेल्या शॉक अॅब्सॉर्बरमुळे आणि झिजलेल्या रबरी बुशांमुळे डुलते. ते बदलले, चाकांची जुळणी करून घेतली आणि टायर चांगले ठेवले, तर मोटार रस्त्याला धरून चालू लागते. गॅसची ज्योत स्प्रिंगजवळ येऊ देऊ नये. आणि कापलेल्या स्प्रिंगांची मोटार विकत घेण्याची वेळ आली, तर ती जॅकवर उचलून स्प्रिंग हाताने हलवून पाहावी. ती हलली, तर मोटार घेऊ नये.

त्या दिवशी आम्ही काला अंबला पोहोचलो तो दुपार कलू लागली होती. स्तंभापाशी उभे असता मुलाने लढाईविषयी विचारले. मी त्याला सांगितले, की सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि कवायती पलटणींनी शत्रूची फळी खिळखिळी केली होती. पण अब्दालीने काही ताजे सैन्य मागे राखून ठेवले होते. दुपारी ते त्याने रणात घातले, आणि महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या मराठ्यांपाशी तो दुसरा धक्का पचविण्यासाठी राखीव असे काही उरले नव्हते. ते वीर शौर्यात उणे नव्हते. उणे पडले ते राखीव बळ.

मुलगा थोडा वेळ स्तब्ध होता. मग मोटारीकडे पाहून म्हणाला, "म्हणजे काका, मी कापला तो नुसता वेढा नव्हता." मी काही बोललो नाही. परतताना आम्ही तिघे बसने दिल्लीस आलो. मोटार त्याने रिकामी, अगदी सावकाश चालवीत परत नेली. पुढल्या आठवड्यात त्याचे पत्र आले, की चारही स्प्रिंगा नव्या, मूळ मापाच्या बसविल्या आहेत. उतरविताना वाचविलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च आला होता. पण पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, "पुढल्या वर्षी पुन्हा या. या वेळी गतिरोधकापाशी कोणाला उतरावे लागणार नाही."